मागची रस्सी

मामा, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले, आणि त्यातले चौदा दिवस मी तुमच्यावर चिडलेली होते, हे आधीच सांगून टाकते. सासरा गेला म्हणून रडणाऱ्या सुना आपल्या पुंडलिकनगरानं पुष्कळ पाहिल्या असतील. सासरा भांडण अर्धवट टाकून गेला म्हणून चिडलेली बहुधा मी एकटीच. आत्याबाईंपाशी बसायला आलेल्या बायका माझ्याकडं बघून हळूच म्हणायच्या, "सुनेनं लई मनाला लावून घेतलंय." घेतलं होतंच. फक्त आत काय चाललंय ते त्यांना ऐकू गेलं असतं तर त्यांनी पदर तोंडाला लावला असता. आत मी म्हणत होते, बारा वर्षं माझ्याशी वाद घातला आणि हरलो असं एकदाही न म्हणता निघून गेले. असं कुठं असतं का?

आणि तुम्हाला नेलं त्या दिवशी मला हसूही आलं होतं, तेही सांगते. आपला जिना अरुंद, वर घर आणि खाली तुमच्या सामानाची पत्र्याची खोली. तुमची कामावरची सगळी टोळी खांदा द्यायला आली होती. जिन्याच्या वळणावर तिरडी अडली, तेव्हा टोळीतले रशीदभाई सवयीनं ओरडले, "पुढचे थांबा! मागचे दाबून धरा! उस्ताद, हळू!" उस्ताद म्हणजे तुम्ही, पण ते हळू कोणाला म्हणाले कोण जाणे. मी भिंतीकडं तोंड करून रडत होते आणि हसत होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एका वेळी एकच काहीतरी कर.

चाळीस वर्षं तुम्ही वाळूजमध्ये मशिनी हलवल्या. कारखान्यात नवी मशीन आली की ती ट्रेलरवरून उतरवायची, आत न्यायची आणि खडूच्या खुणेवर नेमकी बसवायची. पाइप, पहारी, जॅक आणि आठ माणसं, एवढ्यावर तुमचा कारभार. या कामाच्या माणसाला खलाशी म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं. स्थळ सांगून आलं तेव्हा आमच्या फर्दापूरला लोक विचारत होते, मराठवाड्यात जहाज कुठलं? तुम्ही समुद्र कधी पाहिला नाही, पण दहा टनांची प्रेस आठ माणसांकडून अशी चालवायचात की बघणाऱ्याला वाटावं, हिला स्वतःलाच आत जायचंय.

मी या घरात आले तेव्हा माझ्याकडं भौतिकशास्त्राची पदवी होती आणि ती ट्रंकेत साड्यांच्या खाली होती. दहा वर्षं तिथंच राहिली. कोणी अडवलं नव्हतं. अडवलं असतं तर मी भांडले तरी असते. नुसतं कोणी हलवलं नाही, मग मीही हलले नाही.

मग तो गव्हाच्या कोठीचा दिवस आला. कोठीच्या मागं आत्याबाईंची जपमाळ पडली होती, घरात पुरुषमाणूस नव्हता आणि कोठी तर काठोकाठ भरलेली. मी कोठी एका बाजूनं जराशी कलती केली, खाली आपलं लाटणं आणि शेजारून आणलेलं एक लाटणं सरकवलं आणि ढकलली. कोठी निघाली की हो! फक्त लाटणं मध्ये जाड आणि कडेला बारीक असतं, हे माझ्या पदवीला आठवलं नाही. कोठी सरळ जायची सोडून वळली, शिलाई मशीनवर जाऊन धडकली आणि शेजारचं लाटणं मोडलं. नेमके तेव्हाच तुम्ही दारात उभे. आत्याबाई लाटण्यावरून बोलत होत्या. तुम्ही मोडका तुकडा उचलून बघत होतात.

"हे कुठं शिकलीस?"

"कॉलेजात."

"मग आमच्या गव्हावर कशाला वापरतीस? पोरांवर वापर की!"

आठवड्यात तुम्ही खालची खोली अर्धी रिकामी केलीत. पाइप एका भिंतीला, पहारी दुसऱ्या भिंतीला आणि मधल्या भिंतीवर फळा. मी म्हणाले, मामा, मला जमणार नाही, दहा वर्षं झाली. तुम्ही फळ्याचा शेवटचा खिळा ठोकत होतात. वळलाही नाहीत. म्हणालात, "जागेवर बसलेली मशीन पहिलं बोटभर हलवायलाच सगळा जीव जातो. लई रुसलेली असती ती. एकदा हालली की दोघांनी बी चालती. तू फक्त बोटभर हाल." नववीच्या तीन मुली आल्या. पहिल्या दिवशी माझ्या हातून खडू दोनदा पडला. तुम्ही मागं पाइपांवर बसून होतात आणि त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं हाक मारली नाहीत. मास्तरीण म्हणायला लागलात.

तुमचा तो रुसवा मी आजही शिकवते. पुस्तकात त्याला स्थितिक घर्षण म्हणतात. मुलं ते नाव विसरतात, रुसवा विसरत नाहीत. हे मी तुमच्यासमोरच सांगायचे, "आमचे मामा म्हणतात" असं म्हणून, आणि तुम्ही मागं गुडघा चोळत बसायचात. कौतुक झालं की तुमचा गुडघा दुखायचा.

पण गतीच्या पहिल्या नियमापाशी आलो की संपलं. चालती वस्तू आपणहून थांबत नाही, तिला कोणीतरी थांबवावं लागतं, एवढंच मी म्हणायचे. एवढ्यावर मागून आवाज यायचा, "नाय!"

"काय नाय, मामा?"

"थांबती. आपल्या मनानं थांबती. आपण भरलेला जोर संपला की थांबती. गाडीतलं डिझेल संपतं तसं. इतकी वर्षं मशिनी हलवतोय, हात काढला की मशीन उभी. एक मशीन माझ्यापुढं पाऊलभर गेली नाय."

"तिला फरशीचं घर्षण थांबवतं."

"दाखव. कुठं ठेवलंय ते घर्षण?"

मुली खुदुखुदु हसायच्या. मी चिडायचे. पहिल्याच वर्षी मी कॅरम आणला, त्यावर पावडर न टाकता सोंगटी मारून दाखवली, मग पावडर टाकून दाखवली. तेवढीच टिचकी, पण सोंगटी या कडेपासून त्या कडेला जाऊन परत आली. मी म्हणाले, बघा, जोर तेवढाच, मग ही जास्त लांब का गेली? घर्षण कमी केलं म्हणून. अजून कमी केलं तर अजून लांब जाईल. अजिबातच नसलं तर थांबणारच नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तुम्ही उठून जवळ आलात, बोटानं पावडर चोळून पाहिलीत आणि निकाल दिलात, "ही लबाडी झाली. पावडर टाकून कुणी बी लांब पाठवंल. वाळूजला कोण पावडर टाकायला बसलंय?"

दरवर्षी नववीची नवी मुलं, दरवर्षी तोच नियम आणि दरवर्षी तुमचं "नाय". मुलं तर वाट बघायची. जुनी मुलं नव्यांना सांगून ठेवायची, पहिल्या नियमाला आजोबा बाईंशी भांडतात, त्या दिवशी सुट्टी मारू नका. मी वरवर हसायचे. पण मामा, ते मला आत लागायचं. तिनाचे साठ विद्यार्थी झाले, पालक नमस्कार करायला लागले, पण माझ्या मनात एकच यायचं. जो माणूस बारा वर्षं रोज माझ्या वर्गात बसला, ज्यानं हा वर्ग उभा केला, त्यालाच पटलं नाही. मग मी शिकवते ते काय? नुसती पावडर?

तुम्ही गेलात त्या आठवड्यात पहिला नियम झाला होता, दुसरा झाला होता. तिसऱ्यावर येऊन वर्ग थांबला. दहाव्यानंतर मुलं विचारायला आली, मी उद्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत उद्या म्हणाले. खाली जायला जिना उतरायचे आणि खोलीच्या दाराशी थांबायचे. आत पाइप दिसायचे, त्यावर तुमची बसायची जागा घासून गुळगुळीत झालेली. पुन्हा लग्नानंतरच्या त्या दहा वर्षांसारखं झालं होतं. कोणी अडवत नव्हतं आणि मला हलता येत नव्हतं.

परवा दुपारी रशीदभाई आले. तुमच्यानंतर आता टोळी तेच बघणार. सामान न्यायला आले होते, दुसऱ्या दिवशी एक प्रेस बसवायची होती. मी खोलीच्या दाराशीच स्टोव्हवर चहा ठेवला. ते खोलीत जाऊन सामान काढायला लागले, पण आधी पाइप घेतला नाही की पहार घेतली नाही. खुंटीवरची ती जाड, तेलकट झालेली रस्सी काढली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "बाई, ये सबसे पहले. उस्तादचा हुकूम आहे, ही नाय तर मशीनला हात नाय लावायचा."

"ही कशाला लागते?"

रशीदभाई माझ्याकडं बघतच राहिले. "तुमको मालूम नहीं? उस्तादनं सांगितलं नाय?"

मग त्यांनी सांगितलं. मामा, तुम्ही हे बारा वर्षं माझ्यापासून लपवलंत!

माझ्या कॅरमनंतर दोन-तीन महिन्यांची गोष्ट. एका नव्या कारखान्यात मशीन बसवायची होती. फरशी अशी चकचकीत की तिच्यात बघून भांग पाडून घ्यावा. साहेब म्हणाले, पाइप नकोत, फरशीवर ओरखडे पडतील, आणि चाकांच्या गाड्या आणून दिल्या. समोर भिंतीपाशी पूजेचं टेबल मांडलेलं, त्यावर हार, नारळ, पेढ्यांचे बॉक्स. साहेब हात जोडून उभे. तुमची टोळी मशीन ढकलत खुणेपाशी आली आणि तुम्ही इतक्या वर्षांच्या सवयीनं चार बोटं आधी ओरडलात, "छोडो!" सगळ्यांनी हात काढले.

"और मशीन चली," रशीदभाई म्हणाले. "आराम से. जैसे शादी में दुल्हन. खुणेवरून गेली. उस्ताद तिच्याकडं बघतायत, आम्ही उस्तादकडं बघतोय. कोई पकडता बी नहीं, सबकू लगा अब रुकेगी, अब रुकेगी. पूजेच्या टेबलाला लागली, टेबल घेऊन भिंतीपर्यंत गेली. नारळ इधर, पेढे उधर. साहेब टुणकन बाजूला. भिंतीपाशी रेतीच्या गोण्या होत्या, तिथं थांबली. कोणाला काय लागलं नाय, अल्ला का शुकर. साहेब भला माणूस. बोले, चला, मशीन स्वतःच पूजेला आली!"

मी हसत सुटले. चहा उतू गेला तरी हसत होते. रशीदभाईंनीही पोट धरलं. मग डोळे पुसत म्हणाले, "सगळे हसले, बाई. उस्ताद नाय हसले. मशीनवर हात ठेवून उभे राहिले बहोत देर. मग माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, 'रशीद, पावडर.' मेरेकू क्या समझता?"

मला समजलं, मामा. त्या दारात, हातात चहाच्या पातेल्याची पकड धरून उभी असताना मला समजलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ही रस्सी आणलीत. प्रत्येक मशीनच्या मागं ती बांधायची, तिचं दुसरं टोक खांबाला एक वेढा देऊन एका माणसानं धरायचं. पुढचे ढकलणार, मागचा सोडत राहणार आणि थांबायची वेळ आली की तोच आवळणार. बाकीच्या टोळ्या हसायच्या म्हणे, हे काय, पुढून ढकलतात आणि मागून ओढतात! तुम्ही त्यांना सांगायचात, "मशीन आपणहून थांबत नाय. थांबवावी लागती. आमच्या मास्तरणीनं सांगितलंय." आणि या रस्सीला टोळीत नाव पडलं, मास्तरीण. काम सुरू करायच्या आधी तुम्ही रोज एकच विचारायचात, "मास्तरीण बांधली का?" आणि मागून उत्तर आल्याशिवाय कोणी मशीनला बोट लावायचं नाही.

"मग घरी का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. "घरी तर दरवर्षी 'नाय' म्हणायचे!"

रशीदभाईंनी रस्सीचं वेटोळं मांडीवर घेतलं. "मैं बी एक बार पूछा. म्हटलं, उस्ताद, बाईंना बोलून टाका ना, खूश होतील. तर म्हणाले, 'खुळा का तू? हरलो म्हणलं तर भांडण मिटलं. मग मी चौथी शिकलेला माणूस त्या वर्गात मागं बसून करू काय? भांडतोय तवर जागा हाय माझी.'"

मी उरलेला चहा दोन कपांत ओतला. चहा थंड झाला. जाताना रशीदभाई दारात थांबले आणि म्हणाले, "सुबह आ जाओ, बाई. उस्तादके बिना पहिली मशीन आहे. नको म्हणू नका."

काल सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा तुमचं काम बघायला वाळूजला गेले. किती वेळा म्हणाला होतात, ये एकदा, आणि मी दरवेळी वर्गाचं कारण सांगितलं. ते आता कुणाला सांगू? शिफ्टच्या बसमधून उतरलेले कामगार आमच्याकडं बघत आत जात होते. प्रेस गाड्यांवर चढवून तयार होती. टोळी जागेवर उभी राहिली. कोणीतरी विचारायचं असतं, तो विचारणारा नव्हता. रशीदभाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज निघाला, जरा फाटका.

"मास्तरीण बांधली का?"

"बांधली!" मागचा माणूस म्हणाला.

आणि रशीदभाईंनी मला त्या माणसाच्या शेजारी उभं केलं. खांबाला वेढा होता, धरायला तो होता, मी फक्त हात लावायचा होता. पण मी नुसता हात लावणारी सून नव्हे, ते तुम्हाला माहीत आहे. घट्ट धरली. प्रेस रुसली होती, अगदी तुम्ही म्हणायचात तशी. आठ जण दात-ओठ खात होते आणि ती ढिम्म. मग बोटभर हलली. मग निघाली, आणि रस्सी माझ्या हातातून ओढ घेत सुटायला लागली. खुणेजवळ आल्यावर आम्ही दोघांनी मिळून आवळली. मी तिला मागं ओढत होते, ती मला पुढं ओढत होती, आणि दोघींत कोणी कमी नव्हतं. प्रेस खडूच्या रेघेवर उभी राहिली. टोळीनं आरडाओरडा केला. रशीदभाईंनी पेढे आणले होते. या खेपेला ते बॉक्समध्येच राहिले.

संध्याकाळी मी वर्ग उघडला. मुलं जरा बिचकत आत आली, मागच्या पाइपांकडं बघत. कोण कुठं बसणार यावर कुजबुज झाली. मी पुस्तक उघडलंच नाही. दोन्ही तळहात वर करून दाखवले. लाल वळ होते, एका ठिकाणी सालटं गेलेलं.

"बाई, काय झालं?"

"मी रस्सी ओढली आणि रस्सीनं मला ओढलं. हा तिसरा नियम."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मग जास्त कोणी ओढलं?"

"सारखंच," मी म्हणाले, आणि थांबले. मागून "नाय!" यायला हवं होतं. पहिल्या नियमाला यायचं तसं याही नियमाला आलं असतं, मला खात्री आहे. रस्सीच्या बाजूनं तुम्ही काहीतरी काढलंच असतं. मुलंही थांबली होती. त्यांनाही तेच हवं होतं. मग त्याच मुलीनं जरा भीत भीत म्हटलं, "नाय, बाई. मला नाय पटत. सारखं कसं असंल?" आणि सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि आम्ही पाऊण तास कडाकडा भांडलो.

तर मामा, राग गेला. मी बारा वर्षं कबुलीची वाट बघत बसले आणि तुम्ही ती रोज सकाळी ओरडून देत होतात, आठ माणसांसमोर, फक्त माझ्या कानांना ऐकू येणार नाही एवढ्या लांब. एकच सांगायचं राहिलं. ते तुम्ही विचारलं असतंत तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलं नाहीत आणि मी उगाच जिंकायच्या मागं लागले.

हरला असतात तरी मागं बसू दिलं असतं हो.